पंजा आणि लाईटचं बिल

थांबा, नाणं जरा खिशातच राहू द्या. मी बोलतोय, दापोडीतल्या भिवाच्या हॉटेलातला, काचेच्या पेटीतला, नाणं टाकलं की वस्तू उचलून देणारा पंजा.

माझा जन्म परदेशातला. एका प्रवासी बोटीवर मी खेळणी उचलून लोकांना रिझवायचो. बोट मुंबईत भंगारात निघाली आणि जुन्या बाजारात मी भिवाच्या नजरेस पडलो. कारखान्यात प्रेसखाली त्याची दोन बोटं गेली होती, म्हणून त्यानं चहाचं हॉटेल काढलं होतं. उरलेल्या बोटांनी त्यानं माझा दांडा फिरवला. मी साबणाची वडी उचलली आणि तो हसला. त्याच दिवशी टेम्पोत बसून मी दापोडीला आलो.

शिफ्ट सुटली की कामगार माझ्याभोवती जमायचे. कंगवे, साबण, लाकडी गाड्या. वस्तू निसटली की माणूस माझ्यावर नाही, शेजारी उभ्या असलेल्यावर चिडतो, हे मी तिथंच पाहिलं.

मग चौऱ्याहत्तर साली लाईटचं बिल एकदम दुप्पट आलं. हॉटेलाला आणि जागेचे मालक आबाजी यांच्या घराला मीटर एकच होता.

"भिवा, तुझा पंजा लाईट खातोय," आबाजी म्हणाले. "काढ त्याला, न्हाईतर जागा मोकळी कर."

भिवानं माझी वायर काढली. महिनाभर मी अंधारात बसलो. तरी पुढचं बिल तसंच आलं.

"चोरून चालवतोस व्हय?" आबाजींनी विचारलं.  दुसऱ्या दिवशी भिवानं भंगारवाल्याला बोलावलं.

माझी पेटी दोघांनी उचलली, तेव्हा भिवाची बायको गिरजाबाई आडवी आली. "जरा थांबा," ती म्हणाली. तिनं हॉटेलातलं सगळं बंद केलं. आबाजींच्या बायकोला, शालनबाईंना, घरातलंही बंद करायला सांगितलं. मग सगळ्यांना मीटरपुढं उभं केलं.

आतली चकती फिरतच होती.

"मग लाईट जातीय कुठं?" आबाजी पुटपुटले.

शालनबाई हळूच म्हणाल्या, "परसातल्या तारंवर कपडं वाळत घालताना हाताला मुंग्या येत्यात. मी सांगत हुते, कुणी ऐकलं न्हाई."

वायरमन आला. छपराच्या पत्र्याखाली वायर सोलवटली होती. वीज पत्र्यातून ओल्या भिंतीत उतरत होती आणि पत्र्याला बांधलेल्या त्या तारेतही. "बाई, नशिबानं वाचलात," तो म्हणाला.

आबाजी तिथंच ओट्यावर बसले. थोड्या वेळानं त्यांनी स्वतः माझी वायर जोडली. "भिवा, चुकलं माझं," एवढंच ते बोलले. माझा दिवा लागला, आणि इतक्या दिवसांनी मला हलकं वाटलं.

आता माझी काच धुरकटलीय, पकडही ढिली झालीय. शालनबाई बाजाराच्या दिवशी येतात, नाणं टाकतात. कंगवा निसटला की तो काढून द्यायला गिरजाबाई पेटीचं झाकण उघडायला जाते.

"राहू दे गं," त्या म्हणतात. "त्याला त्याच्या हातानं देऊ दे."

म्हणून माझं एवढंच मागणं आहे. मोटार चालतेय तोवर मला इथंच राहू द्या. त्यांना एक कंगवा द्यायचा राहिलाय.