सिंधूताईंसाठी म्वांझा

सिंधूताईंना म्वांझा शहराची माहिती हवी होती. ती त्यांनी माझ्याकडे मागितली, आणि मी हो म्हणालो. मला नाही म्हणता येत नाही.

माझी सगळी नोकरी इथल्या कारखान्याच्या तांत्रिक लायब्ररीत गेली. इंजिनियर येऊन पुस्तक मागायचे, मी काढून द्यायचो. पुस्तक कुठल्या कपाटात आहे हे ज्याला माहीत असतं त्याला पुस्तकात काय आहे तेही माहीत असतं, असा भोपाळच्या अवधपुरीतल्या आमच्या मराठी मंडळींचा समज आहे. मी तो कधी खोडला नाही. खोडायला चारचौघांत बोलावं लागतं.

सिंधूताई समोरच्या घरात राहतात. मूळच्या नागपूरच्या. सरकारी शाळेत गणित शिकवून निवृत्त झाल्या. यजमान गेले तेव्हापासून एकट्याच असतात. पण कॉलनीत त्यांची ओळख गणितामुळे नाही. कोणाच्याही घरी बाळंतपण निघालं की पहिला फोन सिंधूताईंना जातो. मालीश कशी करायची, शेक किती द्यायचा, डिंकाच्या लाडवात गूळ किती, बाळाला धुरी कधी, हे सगळं त्या सांगतात आणि बहुतेक वेळा स्वतःच येऊन करतात. आमच्या सुनेचंही त्यांनीच केलं होतं.

त्यांची मुलगी स्नेहा लग्नानंतर टांझानियात गेली. जावई समीर वर्ध्याचा, कापसाच्या जिनिंग मशिनरीच्या कंपनीत आहे आणि म्वांझाच्या आसपास कापूस भरपूर पिकतो. स्नेहाला दिवस गेले तेव्हा पहिलं बाळंतपण माहेरी, भोपाळला, असंच ठरलं होतं. मग सातव्या महिन्यात तिथल्या डॉक्टरांनी विमानप्रवासाला नकार दिला. झोपून राहा म्हणाले. लेक येऊ शकत नसेल तर माहेरानं तिच्याकडे जायचं, हे उघड होतं. पण सिंधूताई कधी विमानात बसल्या नव्हत्या, आणि समीरनं पाठवलेली तिकिटाची चौकशी त्या रोज उद्यावर ढकलत होत्या.

"भाऊजी, आफ्रिका मी फक्त पृथ्वीच्या गोलावरची धूळ पुसताना बघितलीय," त्या म्हणाल्या. "स्नेहा सांगते छान आहे. ती छान नाही असं कशाला सांगेल? तुम्ही वाचून सांगा. तुम्ही सांगितलंत की मी तिकीट काढते."

म्हणजे त्यांचं जाणं माझ्यावर येऊन थांबलं. त्या रात्री मला नीट झोप लागली नाही.

मी त्यांच्या घरी जाऊन चहा घेत घेत सांगितलं असतं तर पुढचं काही झालं नसतं. पण आमच्या मराठी मंडळाची एक पद्धत आहे. महिन्यातून एकदा कोणाच्या तरी घरी 'परिचय' असतो. एकानं एखाद्या गावाचा, पुस्तकाचा किंवा माणसाचा परिचय लिहून आणायचा आणि वाचायचा. तोंडी बोलायचं नाही, कारण तोंडी बोलणारे थांबत नाहीत, असा गोविंदरावांचा अनुभव आहे. गोविंदराव मंडळाचे चिटणीस. दुसरा नियमही त्यांचाच: परिचय करून देताना बाजू घ्यायची नाही, बरंवाईट दोन्ही सांगायचं. त्यांना कुठून तरी कळलं की मी म्वांझावर वाचतोय, आणि त्यांनी पुढच्या महिन्याची पाळी मला देऊन टाकली.

मी मन लावून लिहिलं. लिहिताना मला बरं वाटतं, वाचून दाखवताना घाम फुटतो. गोविंदरावांच्या हॉलमध्ये सगळे जमले, सिंधूताई भिंतीशी खुर्चीवर बसल्या, आणि मी कागदातून मान वर न काढता वाचायला लागलो.

म्वांझा व्हिक्टोरिया सरोवराच्या दक्षिण काठावर आहे. तिथले लोक त्याला खडकांचं शहर म्हणतात. ग्रॅनाइटचे घराएवढे गोटे एकावर एक असे रचलेले आहेत की खालून जाताना माणूस आपोआप मान आत घेतो. ते कोणी रचलेले नाहीत, झीज होत होत तसे उरले आहेत. काही पाण्यातूनही वर आलेले आहेत. टेकड्यांवर या खडकांच्या मधल्या फटीफटीतून लोकांनी घरं बांधली आहेत, पत्र्याची छपरं थेट दगडाला टेकलेली. समुद्राकडून निघालेली रेल्वे शेवटी इथे येऊन पाण्यापाशी थांबते. पूर्वी मालगाडीचे डबेच्या डबे बोटीवर चढवून पलीकडे केनियात आणि युगांडात नेत असत. कापूस, कॉफी, मासे, सगळं या बंदरातून जातं. मासळीबाजारात चंदेरी बारीक मासळी वाळत घातलेली असते, आणि टकल्या डोक्याचे माणसाच्या छातीएवढे उंच करकोचे गिऱ्हाइकांत मिसळून उभे असतात.

"आपल्या मंडळातही आहेत तसे," गोविंदराव म्हणाले आणि स्वतःच्या डोक्यावरून हात फिरवला. सगळे हसले. मलाही हसू आलं, आणि मी थोडा सैल होऊन वाचू लागलो.

"तळं किती मोठं?" कोणीतरी विचारलं.

"पलीकडचा काठ दिसत नाही," मी म्हणालो.

"मतलब आपला बडा तालाब तिथे नेऊन ओतला तर कोणाला पत्ता लागायचा नाही."

मग दुसरी बाजू आली. मला वाटलं होतं की हा भाग प्रामाणिकपणाचा आहे, म्हणून त्याच्यावर मी जास्त मेहनत घेतली होती. काठाच्या उथळ पाण्यात गोगलगायी असतात आणि त्यांच्यामुळे पाण्यात पाय घालणाऱ्याला जंत होतात. मलेरिया आहे. सरोवरावरून कधी कधी चिलटांचे लोट धुरासारखे उठतात. काही ठिकाणी मगरी आणि पाणघोडे आहेत. तीसएक वर्षांपूर्वी पश्चिम काठावरच्या बुकोबाहून येणारी गच्च भरलेली बोट म्वांझाच्या जवळ येऊन उलटली आणि शेकडो माणसं बुडाली. हे मी सगळं एका संथ आवाजात वाचलं, कारण माझा आवाज एकच आहे.

टाळ्या झाल्या. गोविंदराव म्हणाले, फार संतुलित. मी वर बघितलं तेव्हा सिंधूताई मांडीवरचा रुमाल उलगडून पुन्हा घडी करत होत्या. कार्यक्रमानंतरची खिचडी न खाताच त्या घरी गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी माझ्या बायकोला, वासंतीला, सांगितलं की त्या जात नाहीत. समीर आहे, नर्स ठेवतील, व्हिडिओवर सगळं सांगता येतं आजकाल.

वासंती आत आली आणि माझ्यासमोर उभी राहिली.

"मगरींचं काय काम होतं?"

"आहेत तिथे," मी म्हणालो.

"स्नेहा काय मगरीपाशी बाळंत होणार आहे?"

थोड्या वेळानं मी टेबलाशी बसून तोच परिचय पुन्हा लिहायला घेतला. मगरी काढल्या, बोट काढली. मलेरिया ठेवावा की नाही यावर अडलो. तेवढ्यात वासंती चहा घेऊन आली.

"हे काय चाललंय?"

"जरा सौम्य करतोय. त्यांना नेऊन देईन."

"अहो, ती बाई समोर राहते. कागद कसला नेताय? स्वतः जा."

मी गेलो. रस्ता ओलांडायला मला बराच वेळ लागला.

सिंधूताईंच्या डायनिंग टेबलावर वर्तमानपत्र पसरून डिंक वाळत घातला होता. बाजूला खारीक फोडून ठेवलेली, अळिवाची पुडी उघडी. सगळं अर्ध्यावर सोडलेलं होतं. त्यांनी मला खुर्ची दिली आणि स्वतः उभ्या राहिल्या.

"तुमच्यावर राग नाही, भाऊजी. तुम्ही खरं तेच सांगितलंत."

"मी बोटीचं नको होतं सांगायला."

"बोटीचं काय, मी कुठे बोटीत बसणार होते." त्या डिंकाचे खडे बोटानं सारखे करत होत्या. "मी रात्रभर विचार करत होते. इथे मला माहीत आहे बाळंतशोपा कुठे चांगली मिळते, रडणाऱ्या पोराला कोणत्या डॉक्टरकडे न्यायचं, कोणाच्या घरी गाय आहे. तिथे मी दूध आणायलासुद्धा जावयाला विचारणार. मग माझा उपयोग काय? तिला माझीच काळजी घ्यावी लागेल." मग त्यांनी एकदम विचारलं, "तिथे बाळंतिणीला काय देतात खायला?"

रेल्वे कोणत्या साली आली ते मला माहीत होतं. खडक किती कोटी वर्षं जुने ते माहीत होतं. हे मी कुठे वाचलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर शोधलंही नव्हतं.

"मला माहीत नाही," मी म्हणालो. "स्नेहाला विचारू या का?"

हे मी म्हणालो याचं मलाच आश्चर्य वाटलं. फोनवर बोलायचं म्हटलं की माझी जीभ जड होते. सिंधूताईंनी फोन लावला. स्नेहा उशीला टेकून बसलेली दिसली, चेहरा सुजलेला, केस बांधलेले.

"अरे वा, काकापण आहेत. काका, समीर विचारत होता, आई तिकीट कब ले रही है?"

सिंधूताईंनी माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, "स्नेहा, तिथे बाळंतिणीला काय देतात?"

"मला काय माहीत, काका. मामा नीमाला विचारते. इथेच आहे."

"मामा?" सिंधूताई म्हणाल्या. "कुठला मामा?"

"अगं, इथे आईला मामा म्हणतात. नीमाची आई. शेजारी राहते, रोज येते माझ्याकडे."

पडद्यावर एक रुंद चेहऱ्याची, चाळिशीची बाई आली. डोक्याला रंगीत कापड बांधलेलं. ती सिंधूताईंकडे बघून किंचित वाकली आणि म्हणाली, "शिकामू."

"आई, 'मारहाबा' म्हण. ती तुझ्या पाया पडतेय."

"फोनवरून?"

"इथे बोलूनच पडतात. मोठ्यांना म्हणायचं असतं."

"मारहाबा," सिंधूताई म्हणाल्या. मग त्यांचं समाधान झालं नसावं, कारण हळूच "सुखी राहा" असंही म्हणाल्या.

स्नेहानं मोडक्यातोडक्या स्वाहिलीत विचारलं. ती बाई उत्साहानं सांगू लागली. ऊजी देतात. म्हणजे पातळ पेज, नाचणीची.

"नाचणीची?" सिंधूताई खुर्चीवर बसल्या. "नाचणी मिळते तिथे? विचार, गूळ घालते का."

"साखर, आई. आणि दूध. आणि काळी मिरी, भरपूर."

"मिरी? ओल्या बाळंतिणीला? पोराचं पोट दुखेल ना."

स्नेहानं हे तिकडे सांगितलं. मामा नीमानं मान हलवली आणि बरंच काही बोलली. स्नेहा हसायला लागली. "ती म्हणते, तिची पाच मुलं मिरीवर वाढली, एकाचंही पोट दुखलं नाही."

"बरं, पुढे विचार. पोट बांधतात का?"

बांधतात तर. मामा नीमा उठून गेली आणि एक लांब रंगीत कापड घेऊन आली. स्नेहाला उठायची बंदी, म्हणून तिनं स्वतःच्याच कमरेभोवती ते गुंडाळून दाखवलं. दोन्ही हातांनी ओढून अशी गाठ मारली की मलाही श्वास घ्यावासा वाटला. पहिल्या दिवसापासून. आणि त्याआधी कढत पाण्याचे फडके, अगदी कढत.

सिंधूताई फोनच्या अगदी जवळ गेल्या होत्या. "इतकं आवळतात? मग ती खाईल कशी? तिला सांग, आधी तेल, मग शेक, आणि बांधायचं ते दोन बोटं आत जातील एवढंच."

"आई, मी एवढं नाही बोलू शकत स्वाहिलीत."

"मग दोन बोटं दाखव तिला."

स्नेहानं दोन बोटं दाखवली. मामा नीमानं हसून नाही म्हटलं आणि एक बोट दाखवलं. सिंधूताईंनी इकडून दोन बोटं वर धरली आणि खाली केली नाहीत. मी तिथेच होतो, पण मला कोणी बघत नव्हतं.

"आई, तू आली नाहीस तरी टेन्शन नको घेऊ," स्नेहा म्हणाली. तिचा आवाज खाली आला होता. "मला कळलंय काल काय झालं ते. वासंतीकाकूनं फोन केला होता. मामा नीमा करेल सगळं. ती म्हणते ना."

पडद्यावर ती बाई अजून हसत उभी होती, कमरेला ते कापड तसंच आवळलेलं. मला ती चांगली वाटली. आपल्या पोरीपाशी अशी कोणी आहे हे बघून कोणत्याही आईला हायसं वाटावं. सिंधूताईंनाही वाटलं असेल. पण त्या म्हणाल्या ते असं:

"समीरला सांग, या आठवड्याचं तिकीट बघ म्हणावं. ही बाई तुला गच्च आवळून टाकेल."

स्नेहा रडायला लागली. रडता रडता तिनं ते शेजारणीला सांगितलं असावं, कारण मामा नीमानं तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि दुसऱ्या हातानं आम्हाला ये, ये अशी खूण केली.

फोन ठेवल्यावर सिंधूताईंनी कढई गॅसवर चढवली. "तूप तापेपर्यंत बसा," त्या म्हणाल्या. "आणि मला ते तेवढं शिकवा, शिकामू आणि त्याचं उत्तर. तिच्यापेक्षा मोठ्या बायका असतील तिथे, त्यांना मला म्हणावं लागेल." मी त्यांना शिकवलं. मलाही ते दहा मिनिटांपूर्वीच आलं होतं.

त्या गुरुवारी निघाल्या. समीरनं सगळी सोय केली होती, मुंबईला त्यांना विमान बदलून देणारा माणूसही. आम्ही दोघं विमानतळावर सोडायला गेलो. मी पुन्हा पुन्हा विचारत होतो की पासपोर्ट कुठल्या कप्प्यात ठेवलाय, कारण दुसरं काही मला सुचत नव्हतं.

"भीती वाटतेय?" शेवटी वासंतीनं विचारलं.

"वाटतेय ना," सिंधूताई म्हणाल्या. "पण तिथे बारशापर्यंत माझं ऐकलं जाणार नाही असं दिसतंय. त्याची जास्त वाटतेय."

मंडळानं परिचयाची एक प्रत वार्षिक अंकासाठी मागितली होती. मी ती देणार नाही असं गाडीत बसल्यापासून ठरवत होतो. सिंधूताईंनाही तसं सांगितलं. "माझा परिचय अर्धवट आहे. तुम्ही आल्यावर सांगा, मग पूर्ण करीन."

"मी कशाला सांगू? मी तिथे घरात असणार. खडक बघायला वेळ कुठे मिळणार आहे मला?"

"खडकांचं नको," मी म्हणालो.

आत शिरताना वर्दीतल्या बाईनं त्यांची तिकिटं बघितली आणि विचारलं, "माताजी, अकेले इतनी दूर?" सिंधूताई म्हणाल्या, "बेटी की डिलीवरी है. वहाँ एक औरत है, वो मेरी सुनेगी नहीं, इसलिए जाना पड़ रहा है." त्या बाईला काय कळलं कोण जाणे, पण ती हसली आणि बॅग ढकलायला तिनं मदत केली.

मला वाटलं, काचेच्या आत गेल्यावर सिंधूताई एकदा वळून बघतील. म्हणून मी आधीच हात वर करून ठेवला होता. त्या वळल्या नाहीत. आतल्या रांगेत पुढच्या बाईच्या कडेवर एक लहान मूल होतं आणि त्या त्याच्या टोपीचा बंद सैल करून देत होत्या.