पंख्याची मधली गती

वहिनींनी कोटाची दुसरी बाही उलगडली आणि त्या मटकन खाली बसल्या. दोन्ही बाह्या डाव्याच कापल्या गेल्या होत्या. कागदी नमुना पंख्याच्या वाऱ्याने पलटला होता, आणि गिऱ्हाइकाचं कापड संपलं होतं.

"हा पंखा आजच्या आज घराबाहेर!"

पंखा त्यांच्या सासऱ्यांच्या तरुणपणीचा. बिडाची जड बैठक, पितळी पाती आणि बैठकीतून बाहेर आलेली वेग बदलायची दांडी. ती दांडी इतकी झिजली होती की जोराची खूण सोडून कुठेच टिकत नव्हती. काडी खोचून झाली, दोरा बांधून झाला. लावला तर वादळ, बंद केला तर घामाच्या धारा.

"पंख्याचा काय दोष? स्विच गेलाय त्याचा," नणंद म्हणाली. तिला सगळं घर ताई म्हणे. लग्न केलं नव्हतं, भावाकडेच राहायची. पंपाच्या कारखान्यात मोटारींच्या तारा गुंडाळण्यात तिची उमेदीची वर्षं गेली होती. काही वर्षांपूर्वी 'कंटाळा आला' म्हणत तिने नोकरी सोडली, आणि तेव्हापासून अवजारांच्या पेटीला हात लावला नव्हता.

"मग करा की दुरुस्त. मुहूर्त शोधताय का?"

ताईला ते झोंबलं. तिने पेटी ओढली, पंख्याची वायर भिंतीतून काढली आणि पंखा खिडकीपाशी आडवा केला. तळाची झाकणी निघाली. आत पितळी बटणांची अर्धगोल रांग होती, एकेका गतीला एकेक, आणि त्यांच्यावरून सरकणारी पत्ती झिजून नखाएवढी उरली होती. वायरींवरचं सुती आवरण बोट लागताच भुगा होऊन पडलं.

ताईने पत्तीचा नट सोडवला. तो निसटला. उचलला, पुन्हा निसटला. तिसऱ्यांदा स्क्रू ड्रायव्हरच हातातून घसरून बिडावर खणकन आपटला.

"उजेड कमी आहे इथे," ती म्हणाली.

भर दुपार होती, ऊन थेट तिच्या हातांवर पडलं होतं. हात थरथरत होते. वहिनींनी ते पाहिलं आणि कोट बाजूला ठेवला.

"सरका. तुम्ही सांगा, मी करते. सुई ओवता येते, मग नट कोणत्या झाडाचा पाला?"

वहिनींनी जुनी पत्ती कागदावर ठेवून पेन्सिल फिरवली आणि टोकाला थोडी जागा वाढवली.

"अगं, हे कापड नाही, शिवणीला सोडायला!"

"झिजलेलं टोक कुठून आणणार मग?"

ताई हसली. वहिनींनी पेटीतल्या लवचीक पितळी पट्टीतून नवी पत्ती कापली, बाक दिला. बटणं बारीक पॉलिश कागदाने घासली. ताई एकेक वायर दाखवायची, वहिनी बदलायच्या, चुकल्या की बोलणी खायच्या.

"कारखान्यातही अशाच ओरडायचात का?"

"शेवटी शेवटी ओरडायला कोणी उरलंच नव्हतं." ताई खिडकीबाहेर पाहत म्हणाली. "तार हातात ठरेना, तर मला खोकी चिकटवायला बसवलं. तिथे मन लागेना. कंटाळा वगैरे काही नाही."

वहिनींनी मान वर केली नाही. "आम्हाला सांगायचंत तरी."

"काय सांगायचं? बसून खाते म्हणून?"

"तोंडाला येईल ते बोलू नका. ही वायर कुठे?"

झाकणी बसवण्याआधी ताईने पंख्याची वायर भिंतीत जोडून तपासणीच्या दिव्याची तार बैठकीला लावायला सांगितली. दिवा पेटला नाही, म्हणजे वीज बिडात उतरत नव्हती. मग पंखा लावला. जोराची खूण चालली. मधल्या खुणेवर वीजच पोचेना, पाती मंदावत गेली, आणि ती पूर्ण थांबायच्या आत दांडी पुढच्या खुणेवर सरकवली तसा मंद, हवाहवासा वारा सुरू झाला. मधल्या गतीची तार आत मोटारीच्या गुंडाळीतच तुटली होती.

"दोन गती पुष्कळ झाल्या," वहिनी म्हणाल्या. संध्याकाळी त्यांनी एका डाव्या बाहीची उजवी बेतली, उरलेल्या चिंध्या जोडून काखेखाली सांधा दडवला आणि गिऱ्हाइकाला खरं काय ते सांगून टाकलं. गिऱ्हाईक कुरकुरलं, पण कोट घेऊन गेलं.

दुसऱ्या दिवशी वहिनींनी ताईला डॉक्टरांकडे नेलं; ओढतच नेलं म्हणा ना. डॉक्टरांनी कागदावर गोल काढायला लावला. तो वेडावाकडा आला. थरथर जिवावरची नाही, गोळीने कमी होईल, पण पूर्ण जाणार नाही, असं त्यांनी सांगितलं.

 परतताना ताई विजेच्या सामानाच्या दुकानासमोर थांबली.

"बारीक तार घेऊया. ती गुंडाळी नव्याने करायची."

"करणार कोण?"

"तू. मी वेढे मोजते."

पहिली गुंडाळी वाकडी झाली. ताईने ती सगळी सोडायला लावली. "असा खडूस साहेब मी जन्मात पाहिला नाही," असं पुटपुटत वहिनींनी तार पुन्हा पहिल्यापासून धरली.