शामरावांच्या गाडीचं नाक

शामराव विजयकरांची गाडी पुन्हा ढकलत आणली गेली तेव्हा भिवा जेवायला बसायच्या बेतात होता. नायगावच्या बीडीडी चाळींच्या मागे त्याची पत्र्याची शेड होती, तेच त्याचं गॅरेज. समोर उभी राहिली ती लांब नाकाडाची, उघडी, दोन माणसांची विलायती गाडी, आणि तिला ढकलून घामाघूम झालेली चार अनोळखी माणसं. स्टिअरिंगवर शामराव.

"भिवा, अरे, परत तेच!"

"दिसतंय," भिवा म्हणाला आणि चंपाने वाढलेलं ताट तिच्याकडे परत सरकवलं. चंपाने शामरावांकडे बघत भाकरी अशी आपटली की चारही माणसांना कळलं.

शामरावांचा गिरगावात फोटोचा स्टुडिओ होता. ही गाडी लढाईच्या आधीची, शर्यतीत धावलेली. एका संस्थानिकाने संस्थान खालसा झाल्यावर विकायला काढली आणि शामरावांनी बायकोला न विचारता घेतली. लालबाग-परळच्या लग्नांचे फोटो काढायला ते तीच घेऊन यायचे. गिरगावातून ती वाघासारखी निघायची. भायखळ्यापर्यंत डरकाळ्या. लालबाग लागलं की खोकायची आणि परळला पोचेपर्यंत तिचा जीव जायचा.

कारण भिवाला केव्हाच कळलं होतं. इंजिनाला दोन कार्बोरेटर, आणि दोघांचीही तोंडं उघडी. शर्यतीच्या मैदानात ठीक होतं ते. इथे गिरण्यांतून दिवसभर उडणारी कापसाची तुसं गाडी श्वासाबरोबर ओढून घेई आणि तिचा घसा भरून येई. भिवा चिमट्याने तुसं काढून दाखवायचा. शामराव चष्मा वर करून बघायचे आणि म्हणायचे, "पण मला वाटतं, प्लगमध्ये काहीतरी आहे."

ढकलणाऱ्यांपैकी एकाचं मत पडलं की पेट्रोलात रॉकेल मिसळलंय. दुसरा म्हणाला, मुळात गाडी म्हातारी आहे. मुंबई कुणाची या एका गोष्टीवर सगळ्या गिरणगावाचं एकमत होतं. शामरावांच्या गाडीत बिघाड काय, यावर मात्र दोन माणसांचं जमेना.

"नाक बसवू या हिला," भिवा शेवटी म्हणाला. "पुढून हवा घेईल असं. मधे जाळीचा डबा. कचरा जाळीत राहील, हवा आत जाईल."

"विलायतेहून मागवायचं?"

"मी करतो."

हे बोललो कशाला, असं त्याला पुढे बरेच दिवस वाटत राहिलं.

पहिलं नाक त्याने डालड्याच्या डब्याचं केलं. गाडी सुरू झाली आणि इंजिनाने असा श्वास ओढला की डबा पापडासारखा आत चेपला. मग तेलाचा जाड डबा कापून, कडा दुमडून, रिव्हेट मारून दुसरं केलं. रे रोडच्या भंगारातून बंबवाल्यांच्या जुन्या नळीचा तुकडा आणला, तो पुढच्या जाळीपासून डब्यापर्यंत बसवला. राहिली बारीक जाळी. ती लालबागला एका मसाला कुटणाऱ्या डंकवाल्याकडे मिळाली, त्याच्या चाळणीची, जुनी पण धड. भिवाने ती धुतली. नीट धुतली असं त्याला वाटलं.

डबा चढवला. शामरावांनी हौसेने ॲक्सिलरेटर दाबला. जाळीतली मिरची उष्णतेने जागी झाली आणि शेडभर सुटली. भिवा शिंकला, शामराव शिंकले, शेजारच्या चाळीच्या गॅलरीत वाळत घातलेले कपडे काढणाऱ्या बायका शिंकल्या. चंपा पदर नाकाला लावून आली.

"गाडी दुरुस्त करताय की फोडणी देताय?"

"आत जा तू."

"जाते. पण त्या जाळीला सोड्याच्या उकळत्या पाण्यात टाका. नुसत्या पाण्याने मिरची जाते होय?"

भिवाने जाळी उकळली. तेवढ्यात शामरावांनी सुचवलं की डबा जरा निमुळता केला तर छान दिसेल. मग म्हणाले, नळी डावीकडून आणली तर? मग एका लग्नात भेटलेल्या कुणाचा हवाला देऊन म्हणाले की डबा लाकडाचाच हवा. भिवा आधी समजावून सांगायचा. मग थोडक्यात सांगायला लागला. नंतर नुसतं "हूं" म्हणायला लागला.

अखेर नाक बसलं. डब्यामुळे हवा थोडी कमी येत होती, म्हणून भिवाने कार्बोरेटरच्या सुया फिरवून पेट्रोलही त्या मानाने कमी केलं. कान लावून, पुन्हा पुन्हा फिरवून, इंजिन शिवणयंत्रासारखं चालायला लागेपर्यंत. गाडी लालबागमधून दोनदा गेली आणि खोकली नाही.

शामरावांचा चेहरा मात्र पडला. "भिवा, डरकाळी गेली रे."

"डब्यात दबली. पण गाडी चालते ना?"

"चालते. पण आवाज म्हणजे तिची शान."

"डबा काढू नका, शामराव."

"का?"

का ते सांगायचं तर सुया, हवा, पेट्रोल सगळं पहिल्यापासून आलं, वर शामरावांचे चाळीस प्रश्न आले. भिवाच्या अंगात तेवढं बळ उरलं नव्हतं.

"नका काढू म्हणजे नका काढू," तो म्हणाला आणि हात पुसत आत गेला.

निवडणुका तोंडावर होत्या. लालबागहून दादरपर्यंत संयुक्त महाराष्ट्र समितीची मिरवणूक निघायची होती, आणि कार्यकर्त्यांनी शामरावांची गाडी मागितली. पुढे झेंडे, मागे कर्णा. शामराव आनंदाने हो म्हणाले. भिवा चाळीतल्या लोकांबरोबर चालत होता. चंपा बायकांमध्ये होती, आणि तिच्या हाताला धरून शेजारच्या कमळाबाई. कमळाबाईंचा भाचा गेल्या वर्षी जानेवारीत पोलिसांच्या गोळीबारात गेला होता. तेव्हापासून त्या कुठल्याच मोर्चाला आल्या नव्हत्या. चंपाने किती दिवस मिनतवाऱ्या करून त्यांना बाहेर काढलं होतं.

मिरवणूक निघाली आणि पुढून डरकाळी ऐकू आली. भिवाच्या कपाळाची शीर तडकली. "काढला," तो स्वतःशी म्हणाला. "काढलाच शेवटी."

तो गर्दीतून वाट काढत पुढे जायला लागला. पण "मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे" म्हणत माणसं खांद्याला खांदा लावून चालली होती. त्यांना मधेच कोण सांगणार की बाबांनो बाजूला व्हा, मला एक डबा बघायचाय? गाडी पहिल्या गिअरमध्ये, मुंगीच्या पावलाने, तापत चालली होती. परळच्या पोयबावडीजवळ शामरावांनी लोकांना जरा आवाज ऐकवायचा म्हणून ॲक्सिलरेटर दाबला.

फाट्! आणि लगेच दुसरा, फाट्!

घोषणा तुटली. मग कुणीतरी किंचाळलं, "गोळीबार!" आणि सगळा रस्ता फुटला. माणसं दुकानांच्या फळ्यांखाली, जिन्यांत, गल्ल्यांत घुसली. झेंडे खाली पडले. भिवाला आवाज ओळखीचा होता. तो एकटाच गाडीच्या दिशेने धावत होता आणि ओरडत होता, "गोळी न्हाय! गाडी हाय! गाडीनं फटाका मारला!"

बॉनेट उघडलं तर एका कार्बोरेटरच्या उघड्या तोंडावर निळी ज्योत नाचत होती. त्याने डोक्याचा फेटा काढून तिच्यावर दाबला. हात पोळला. ज्योत विझली. डबा नव्हताच, नळीचं टोक दोरीने बांधून ठेवलेलं.

लोक परत आले ते संतापून. चौघांनी शामरावांची कॉलर धरली. शामराव पांढरेफटक पडले होते. भिवाला वाटलं, एक मिनिट धरू दे. कळू दे. मग तो मधे पडला.

"सोडा. मुद्दाम न्हाय केलं त्यांनी. सोडा म्हणतो ना!"

सोडलं त्यांनी. भिवा वळला तर चंपा फूटपाथवर कमळाबाईंना टेकवून बसली होती. त्यांचा गुडघा फुटला होता, एक चप्पल नव्हती. रडत नव्हत्या. नुसत्या रस्त्याकडे बघत होत्या.

"माका वाटला, परत सुरू झाला," त्या म्हणाल्या.

भिवा त्यांच्यासमोर उकिडवा बसला.

"कोणाची रे ती गाडी?"

"गाडी त्यांची. पण सुया मी फिरवल्या होत्या, मावशी. डबा काढला तर असं होणार, मला ठाऊक होतं. त्यांना सांगायचा कंटाळा केला मी."

कमळाबाईंना सुया कळल्या नाहीत, डबा कळला नाही. त्यांनी त्याच्या भाजलेल्या हाताकडे बघितलं. मग चंपाचा खांदा धरून उठल्या. "चल गो," म्हणाल्या. "हडे बसान काय करतलं?" आणि एका पायात चप्पल घालून, लंगडत, झेंड्यामागे चालायला लागल्या. गाडी दादरपर्यंत माणसांनी ढकलत नेली.

दुसऱ्या दिवशी शामराव ट्रामने आले. वर्तमानपत्रात गुंडाळलेला डबा काखेत, मान खाली. शेडच्या दारात उभे राहिले, आत यायला धजेनात. भिवाने रात्रभर त्यांच्यासाठी शिव्या जुळवून ठेवल्या होत्या. पट्टी बांधलेला हात मांडीवर ठेवून तो त्यांच्याकडे बघत राहिला आणि त्याच्या लक्षात आलं की त्यातली एकही बाहेर येणार नाही.

"बसा," तो म्हणाला. "चंपा, दोन चहा. आज यांना सगळं सांगायचंय."

आणि त्याने सांगितलं. डबा मांडीवर घेऊन, बोटाने हवेची वाट दाखवत. हवा किती, पेट्रोल किती, डबा काढला की हवा कशी जास्त होते, पेट्रोल कसं अपुरं पडतं, आणि मग आग आत जळायची ती उलटी बाहेर कशी थुंकली जाते. शामराव मधे मधे विचारत होते. भिवा थांबत होता, उत्तर देत होता, परत सुरू करत होता. चहा निवला. दुपार टळली. शामरावांनी शेवटी मान डोलावली, चष्मा पुसला. समजलं असावं असं वाटलं.

"म्हणजे डबा राहायलाच हवा," ते म्हणाले.

"हवा."

"मी कमळाबाईंना भेटून येतो. चप्पल घेऊन देतो. माफी मागतो."

"मागा."

शामराव उठले, दारापर्यंत गेले, आणि परत वळले.

"एक विचारू, भिवा? डबा राहू दे. पण त्याला मागून दोन बारीक भोकं पाडली तर... जरासा आवाज..."

आत चंपाच्या हातून काहीतरी भांडं पडलं. भिवाने डोळे मिटले, एक लांब श्वास घेतला, आणि शामरावांना हात धरून परत खाली बसवलं.

"हवा," तो म्हणाला, "हवा आधी पुढून येते, शामराव."