सात नंबरकडे राहिलेलं नाव

ऐका हो, सात नंबर बोलतोय! चाकणच्या एका ब्रेकचे पार्ट बनवणाऱ्या कंपनीतलं, डेटाबेसला जोडणारं मी एक कनेक्शन. कंपनीच्या सगळ्या नोंदी त्या डेटाबेसात. दरवेळी नवं कनेक्शन जोडत बसलं तर वेळ जातो, म्हणून आम्ही दहा जण कायम तयार उभे. आमच्या या टोळक्याला पूल म्हणतात. कोणी येतं, नाव सांगतं, नोंद करतं, आम्हाला सोडून जातं. परत आलो की आमच्यावरचं नाव पुसायचं, अशी रीत. पुढच्याला आम्ही कोरे मिळायला हवेत.

मला मात्र एकच माणूस हवं असायचं. क्वालिटीची वर्षाली. काय तिच्या नोंदी, एक चूक सापडेल तर शपथ! पण तिच्या वाट्याला नेहमी तीन नंबर यायचा. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड. मेल्याच्यात असं आहे तरी काय? आणि माझ्याकडे कोण, तर स्टोअरचे उद्धवराव. एका नोंदीला दोन चहा लागतात त्यांना.

दुपारी तीनला पहिली शिफ्ट सुटते, दुसरी चढते, आणि सगळे एकदम आमच्यावर तुटून पडतात. स्क्रीन अडकले की शिव्या समाधानला. समाधान म्हणजे आमचा सॉफ्टवेअरवाला. एकदा वैतागून त्यानं पुसायचं कामच बंद करून टाकलं. तेवढाच वेळ वाचेल म्हणाला.

त्याच दिवशी वर्षाली माझ्याकडे आली. बोल्टची एक बॅच तिनं नापास केली आणि राजगुरुनगरच्या बससाठी पळाली. तिचं नाव माझ्यावर तसंच राहिलं. खोटं कशाला बोलू, मला कोण आनंद झाला!

मग आले उद्धवराव. स्टोअरचा जुना स्क्रीन नाव सांगतच नाही. कनेक्शन कोरं असलं की नोंद आपोआप स्टोअरच्या नावावर पडते. मी कोरा कुठं होतो? त्यांनी गडबडीत त्याच बॅचवर 'पास' दाबलं, आणि नोंद पडली वर्षालीच्या नावावर.

दोन दिवसांत ते बोल्ट ग्राहकाकडून परत आले. साहेबांनी वर्षालीला समाधानच्या केबिनमध्ये बोलावलं. आमचा सर्व्हर तिथंच असतो. तिला कायम करायचं पत्र पुढच्याच आठवड्यात निघणार होतं.

"आधी नापास, मग पास? नोकरी करायची नाही का?"

"सर, मी नाही केलं हो." रडकुंडीला आली बिचारी.

माझ्याच्यानं ऐकवेना. पण मला तोंड कुठं?

समाधाननं माझा लॉग, म्हणजे माझ्याकडे कोण कधी आलं-गेलं ती यादी, आणि गेटची नोंद काढली. "साहेब, ताई तीन पाचला गेटबाहेर पडल्यात. पासची नोंद तीन वीसची, स्टोअरच्या स्क्रीनवरची. दोन्ही नोंदी सात नंबरवरून. चूक माझी आहे, मी पुसणं बंद केलं होतं."

उद्धवरावांना बोलावलं. टोपी काढून म्हणाले, "मीच दाबलं ओ. बॅचवरची नापासाची लाल चिठ्ठी दिसलीच न्हाई. पोरीला कशाला बोल लावता?"

साहेब वरमले. पत्र निघेल म्हणाले. वर्षालीनं डोळे पुसले आणि समाधानला बजावलं, "आत्ताच्या आत्ता पुसणं चालू कर. माझं नाव कुठल्याच कनेक्शनवर राहायला नको."

कुठल्याच! म्हणजे माझ्यावरसुद्धा नको. फार लागलं मला ते. पण माझ्यापायीच तिची नोकरी जाणार होती, आता कुठल्या तोंडानं रुसू?

समाधान कामाला लागलाय. आज सकाळी ती आधी तीन नंबरकडे, मग माझ्याकडे येऊन गेली, म्हणून तिचं नाव अजून आम्हा दोघांवर आहे. घटकाभरानं ती समोर आली तरी मी तिला ओळखणार नाही. पुसा, बाबांनो, माझी तक्रार नाही. पण आधी त्या तीन नंबरला पुसा! तिचं नाव क्षणभरही एकट्या त्याच्यापाशी राहिलेलं मला बघवणार नाही.