बाहेरची गाडी

हेल्मेट तोंडावर आदळलं आणि थोरल्याचा पुढचा दात पेट्रोलपंपाच्या फरशीवर पडला. पडला तो पडला, वर घरंगळत जाऊन ज्या गाडीपायी हे सगळं पेटलं होतं, तिच्याच पुढच्या चाकाला टेकला. थोरल्याने ओठावरचं रक्त मनगटाने पुसलं आणि समोर पाहिलं. हेल्मेट धाकट्याच्या हातात होतं. सख्ख्या भावाच्या.

"दादा, मागे हो म्हणत होतो ना तुला?" धाकट्याचा आवाज कापत होता, पण हेल्मेट काही खाली आलं नव्हतं. "किती वेळा म्हटलं, टाकीला हात लावू नकोस."

थोरला मागे होणाऱ्यातला नव्हता. त्याने धाकट्याची गचांडी धरून त्याला खांबावर आपटलं आणि पोटात गुडघा घातला. धाकटा वाकला, तसा पाठीवर कोपर हाणला. पंपावरची माणसं आपापल्या गाड्या धरून बघत राहिली. भांडण सोडवायला कोणी येत नाही, बघायला जागा मात्र सगळ्यांना पुढची हवी असते. शेवटी मॅनेजर काचेच्या खोलीतून बाहेर येऊन ओरडला, "अरे, पेट्रोल आहे इथं! मरायचं तर रस्त्यावर जाऊन मरा!" तेव्हा कुठे थोरल्याच्या दोस्तांनी दोघांना ओढून वेगळं केलं.

बाहेरच्यांना हे वेड वाटलं असतं आणि ते वेडच होतं. पण या घरात मोटारसायकली दोनच जातींच्या होत्या: आपली आणि बाहेरची. आपली म्हणजे याच देशात बनलेली, जड लोखंडाची, छातीत धडधडणारी. बाहेरची म्हणजे उरलेल्या सगळ्या. बापाचं गॅरेज होतं आणि दारावर त्याने स्वतःच्या हाताने रंगवलेली पाटी होती: ‘येथे फक्त आपलीच गाडी दुरुस्त होईल.’ बाहेरची गाडी घेऊन कोणी आलाच, तर म्हातारा त्याला पाणी पाजायचा, पत्ता सांगायचा, आणि दुसऱ्या गॅरेजात पाठवायचा. थोरला त्या पाटीखाली लहानाचा मोठा झाला. आता तोच गॅरेजात बापाच्या हाताखाली काम करत होता आणि आपल्या गाडीवाल्या दोस्तांचं टोळकं घेऊन गावभर हिंडत होता. अंगाने तो आईवर गेला होता, बुटका आणि रुंद. धाकटा थेट बापावर. तेच उतरते खांदे, तीच लांब पाठ. पाठमोरे उभे राहिले तर आईसुद्धा फसायची.

आणि त्या धाकट्याने बाहेरची गाडी घेतली होती.

पंपावर टोळक्यातला पिस्टन एवढंच म्हणाला होता, "काय रे, ही पेट्रोल पिते की अत्तर?" सगळे हसले. धाकटाही हसला आणि म्हणाला, "पिस्टनदादा, ही काहीही पिऊ दे, ढकलावी तर लागत नाही." हे झोंबलं, कारण आदल्याच रविवारी पिस्टनची गाडी सगळ्यांनी मिळून चढावर ढकलली होती. थोरल्याच्या डोक्यात तिडीक गेली. त्याने खिशातून किल्ली काढली आणि धाकट्याच्या कोऱ्या टाकीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढली. त्यानंतर हेल्मेट.

"अहो, डॉक्टरकडे तरी जा," रात्री बायको म्हणाली.

"दाताचं काही नाही."

"मग कशाचं आहे?"

चार माणसांत धाकट्या भावाने तोंड फोडलं होतं, आणि तेही त्या गाडीसाठी. जीभ पुन्हा पुन्हा दाताच्या मोकळ्या जागेत जात होती आणि जाईल तेव्हा राग नव्याने चढत होता.

सकाळी तो उठला तोच ठरवून. धाकटा दर रविवारी दगडखाणीच्या रस्त्याला गाडी पळवायला जातो, हे त्याला माहीत होतं. खाण बंद, रस्ता रिकामा. गाडी फोडायची. भावाला हात लावायचा नाही, असं त्याने स्वतःला बजावलं. राग आलेला माणूस स्वतःला बरंच काही बजावतो. त्याने गॅरेजातला मोठा पान्हा जाकिटात घातला आणि खाणीच्या अलीकडच्या झाडाखाली गाडी लावून बसला.

तो आवाज लांबूनच आला. घोंघावणारा, बारीक, शिवणयंत्र पिसाळल्यासारखा. अख्ख्या पंचक्रोशीत तसला आवाज एकाच गाडीचा होता. आपली गाडीवाली माणसं एकमेकांना तोंडाने ओळखत नाहीत, आवाजाने ओळखतात. हेल्मेटात तोंड दिसतं कुठे? झाडामागून ती गेली तेव्हा थोरल्याने धाकट्याचं लाल जाकीट पाहिलं, उतरते खांदे पाहिले, टाकीवरचा ओरखडाही पाहिला, आणि किक मारली.

त्याने गाडी इतकी पिळली की इंजिनात नवीनच टिकटिक सुरू झाली. टॅपेट वाजतोय, त्याच्या मनात आलं. बाबांना दाखवायला हवं. भावाचा पाठलाग करतानाही सवय सवयीच्या जागी होती.

खरं तर बाहेरची गाडी त्याच्या हाती लागायची नाही. पण आज ती जपून चालली होती, वळणाआधी फारच हळू झाली. ‘घाबरला,’ थोरल्याला वाटलं, आणि त्याला बरंही वाटलं. तो बरोबरीला आला आणि त्याने पाय उचलून हँडलवर सणसणीत लाथ हाणली.

गाडी आडवी झाली. लोखंड डांबरावर किंचाळत गेलं, ठिणग्या उडाल्या, आणि लाल जाकीट दोन कोलांट्या खाऊन खडीच्या ढिगाला जाऊन धडकलं. थोरल्याने पुढे जाऊन गाडी थांबवली, चालूच ठेवून स्टँडला लावली आणि पान्हा काढला. आधी दिवा फोडला. मग मीटर. मग टाकी, ओरखड्यावरच, पुन्हा पुन्हा, पत्रा आत जाऊन पेट्रोल भळाभळा सांडेपर्यंत. हेल्मेटाच्या आत त्याचाच श्वास त्याला बैलासारखा ऐकू येत होता.

"बघ!" तो ओरडला. "बघ तुझी गाडी! अजून मार माझ्या तोंडावर!"

खाली पडलेला काही बोलला नाही. एरवी धाकट्याने एव्हाना आई-बाप काढले असते, निदान तो ओरडला असता. हा नुसता एका कुशीवर पडून त्याच्याकडे बघत होता. काळ्या काचेआड डोळे दिसत नव्हते. मग त्याने उजवा हात वर केला. तोंड झाकायला नाही. तळवा उघडा, बोटं सरळ, हवेत स्थिर. गप्प बस, असं सांगितल्यासारखा.

त्या तळव्याने थोरल्याचं उरलंसुरलं भान गेलं. याने मला गप्प करायचं? याने? पान्हा फिरला आणि हातमोज्यातल्या बोटांवर बसला. काहीतरी ओली काटकी मोडावी तसं मोडलं. तरी तो ओरडला नाही, हात पोटाशी घेऊन गोळा झाला, एवढंच.

दूरवर ट्रकचा हॉर्न वाजला. थोरला आपल्या टिकटिकणाऱ्या गाडीवर बसला आणि निघाला.

घरी येऊन त्याने हात धुतले, चहा मागितला. चहा दाताच्या जखमेला लागला तसा तो कळवळला आणि हसलाही. फिटलं. बायकोने त्याच्याकडे निरखून पाहिलं. तेवढ्यात फोन वाजला.

"दादा," पलीकडून धाकटा बोलत होता. धडधाकट आवाज, फक्त रडवेला. "दादा, लवकर ये. बाबांना कोणीतरी पाडलंय."

थोरल्याने कप खाली ठेवायला हात नेला, पण टेबल सापडलंच नाही.

दवाखान्याच्या जिन्यातच धाकट्याने त्याला गाठलं. कालचं सगळं विसरून गळ्यात पडला. त्याच्या अंगावर घरातला साधा सदरा होता.

"सकाळी सकाळी माझ्या घरी आले," तो हुंदके देत सांगू लागला. "आल्या आल्या माझ्या कानाखाली काढली. मोठ्या भावावर हात उचलतोस म्हणाले. मी मुकाट खाल्ली. मग गाडीभोवती फिरत बसले. हे काय, ते काय. शेवटी म्हणाले, आण किल्ली. मी म्हटलं, बाबा, तुम्ही? तर म्हणाले, थोरल्याशी बोलायचं तर ही काय चीज आहे ते मला कळायला हवं ना. माझं जाकीट घातलं, हेल्मेट, हातमोजे, सगळं, आणि रिकामा रस्ता बरा म्हणून खाणीकडे निघाले. लहान पोरासारखे खूश होते रे. आणि पाटी काढतो म्हणाले."

"कुठली पाटी?"

"गॅरेजवरची. उद्यापासून दोन्ही गाड्या घेऊ, तुम्ही दोघं एका छपराखाली राहाल तरी, म्हणाले."

थोरला त्याला बाजूला सारून वर गेला.

म्हातारा खाटेवर पडला होता. खांदा बांधलेला, कपाळावर टाके, आणि उजव्या हाताला कोपरापर्यंत प्लास्टर. प्लास्टरमधून बोटांची टोकं तेवढी बाहेर होती, जांभळी पडलेली, नखांत चाळीस वर्षांचं काळं ग्रीस. थोरल्याला तो हात फार पूर्वीपासून ठाऊक होता. गॅरेजात गाडी चालू करून म्हातारा स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावायचा, आणि दुसरा तळवा वर करायचा. गप्प बसा, ऐकू द्या. मग गिऱ्हाईक, पोरं, शेजारचा चहावाला, सगळे चिडीचूप.

थोरला भिंतीला टेकला.

खाटेशी एक हवालदार उभा होता. "बाबा, नीट आठवा. गाडीची टाकी ठोकून ठोकून फोडली आहे. हा काय घसरून पडल्याचा प्रकार नाही."

"घसरलो," म्हातारा म्हणाला. "वळणावर खडी होती. मला त्या गाडीची सवय नाही."

"आणि टाकी?"

"ती मी पडलो तेव्हा धड होती. नंतर कोणी फोडली असेल, मला शुद्ध नव्हती."

"कोणाशी वैर?"

"मेकॅनिकशी कोण वैर धरणार, साहेब? परत गाडी दाखवायला यावं लागतं."

हवालदार हसला, मान हलवली आणि निघून गेला. तो गेल्यावर धाकटा उसळला. "बाबा, खोटं का बोलता? हे पिस्टनचं काम आहे. मला समजून मारलंय त्याने! दादा, तू त्यांच्यात असतोस. तू चल माझ्याबरोबर. आज त्याचा हात मी असाच मोडतो, मग काय व्हायचं ते होऊ दे."

"आधी मला पाणी आण," म्हातारा म्हणाला. "गार आण. खालून."

धाकटा पाय आपटत गेला. खोलीत दोघंच उरले. थोरला खाटेजवळच्या स्टुलावर बसला. बोलायचं होतं, पण तोंड उघडलं की फक्त ती मोकळी जागा होती आणि तिच्यातून नुसती हवा येत होती. म्हाताऱ्याने त्याच्या सुजलेल्या ओठाकडे पाहिलं.

"दुखतंय?"

थोरल्याने मान हलवली. हो की नाही, त्यालाच ठाऊक नाही.

म्हाताऱ्याने डोळे मिटले. थोरल्याला वाटलं, झोप लागली. मग अगदी गॅरेजात बोलतात तशा आवाजात तो म्हणाला,

"टॅपेट वाजतोय तुझ्या गाडीचा."

थोरल्याची नजर प्लास्टरवर गेली.

"नीट ऐकून घेत होतो," म्हातारा म्हणाला. "तू ऐकू दिलं नाहीस."

थोरल्याने आपलं कपाळ खाटेच्या कडेवर टेकलं. खांदे हलू लागले, पण आवाज त्याने बाहेर पडू दिला नाही. म्हाताऱ्याचा डावा हात चाचपडत आला आणि त्याच्या डोक्यावर थांबला. "टॅपेट तू स्वतःच लाव आता," म्हातारा म्हणाला. "माझ्याने व्हायचं नाही."

दार उघडलं. धाकटा पाण्याची बाटली घेऊन आला होता. दुसऱ्या हातात त्याने बाबांच्या सामानातलं हेल्मेट धरलं होतं, कालचंच.

"काय झालं? काय बोलत होता तुम्ही?"

"गाडीचं," म्हातारा म्हणाला.

"गाडी गेली खड्ड्यात." धाकट्याने बाटली खाटेवर टाकली. "दादा, ऊठ. पिस्टन आता घरीच सापडेल. चल."

थोरला उठला. तोंड पुसलं. धाकट्याच्या हातातलं हेल्मेट हळूच काढून त्याने खाटेखाली सरकवलं आणि स्टूल त्याच्यापुढे ओढलं.

"बस," तो म्हणाला. "सांगतो."