दहा वाजून चार मिनिटं

नीलमने फोन उचलला आणि तिने 'हॅलो' म्हणायच्या आत पलीकडून एकच शब्द आला.

"देल्लं."

"हो," ती म्हणाली.

पलीकडचा माणूस थोडा थांबला. मग त्याने फोन ठेवून दिला.

सोमवार होता, सकाळचे दहा वाजले होते. इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीच्या अमरावती कार्यालयात तिचा पहिला दिवस. या खुर्चीवर केबल टीव्हीच्या काळापासून गयासुद्दीन बसायचे. शुक्रवारी ते शाल आणि भिंतीवरचं घड्याळ घेऊन निवृत्त झाले. खुर्चीला त्यांच्या पाठीचा आकार आला होता आणि नीलमची पाठ त्यात बसत नव्हती.

साडेदहाला अकोला तुंबलं. एका कॉलेजची ऑनलाइन परीक्षा तिसऱ्या प्रश्नावर थांबली. एका दवाखान्यात एक्स-रे खांद्यापर्यंतच उतरला, आणि पेशंटचा हात मोडला होता कोपरात. एका स्थळाचा व्हिडिओ कॉल मुलाच्या उघड्या तोंडावर थिजला तो थिजलाच. मुलीकडच्यांनी तेवढ्यात निर्णय घेऊन टाकला. साडेअकराला सगळं आपोआप मोकळं झालं.

कार्यालयप्रमुख योगेश सरांनी तिच्यापुढे एक फॉर्म ठेवला. त्यात 'चूक कोणाची' असा एक रकाना होता आणि पुढे एकाच नावापुरती जागा.

"बुधवारी अकरापर्यंत पाहिजे," ते म्हणाले. "अकोल्याचे शेषराव झोपा काढून राहिले असतीन त तसं लिही. तिथली खोली आपल्याले बंदच करायची आहे. इथून चालते सगळं."

"त्यांच्या रिटायरमेंटले किती दिवस आहे, सर?"

"चौदा महिने. म्हणूनच म्हणतो, कारण पाहिजे."

अकोल्याला दोन लाइनी होत्या, एक बारीक आणि एक जाड. रात्री जाड लाइन शेजारच्या जिल्ह्याला दिलेली असायची. सकाळी दहाला शहर कामाला लागलं की शेषरावांनी राउटरला कमांड द्यायची आणि सगळी वाहतूक जाड लाइनवर वळवायची, मग अमरावतीला फोन करून कळवायचं. संध्याकाळची उलटी कमांड अमरावतीहून जायची. हे सगळं आपोआप होण्याची सोय होती. ती सुरू करायची, असं आतापर्यंत तीन मीटिंगांमध्ये एकमताने ठरलं होतं.

मंगळवारी सकाळच्या बसने नीलम अकोल्याला गेली. स्पेअर पार्टच्या दुकानावरची खोली, एक पंखा, एक माठ, एक राउटर आणि इस्त्रीच्या शर्टातले शेषराव.

"ये बाई. तूच का ते 'हो'वाली?"

"मीच, काका."

शेषरावांनी घड्याळ पाहिलं. बरोबर दहाला त्यांनी दोन बोटांनी चार शब्द टाइप केले. एंटर दाबताना त्यांची मान किंचित झुकली. सवयीने त्यांनी फोन उचलला, अमरावतीत उचलणारी तर इथेच उभी आहे हे आठवून खाली ठेवला, आणि तिच्याकडे वळून म्हणाले,

"देल्लं."

नीलम स्क्रीनकडे पाहत राहिली. कमांड जुनी होती. दोन वर्षांपूर्वी राउटरचं सॉफ्टवेअर बदललं तेव्हा डेटाची पॅकेटं कोणत्या वाटेने पुढे पाठवायची ही कमांडच बदलली. आधी कुठे पाठवायचं ते लिहून मग काय पाठवायचं ते लिहीत. आता उलटं झालं होतं आणि मध्ये दोन नवे शब्द आले होते. पण जुनी कमांड दिली तरी मशीन चूक दाखवत नसे. सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांनी जुन्या माणसांचा मान राखला होता. कमांड ऐकून घ्यायची, पुढच्या ओळीवर जायचं, करायचं काहीच नाही. अशी कार्यालयं नीलमने पाहिली होती. असं मशीन पहिल्यांदाच पाहत होती.

म्हणजे हा माणूस दोन वर्षं रोज हवेत कमांड देत होता. आणि अकोला मात्र काल पहिल्यांदा तुंबलं.

"काका, पाणी भेटन का?"

शेषराव उठून माठाकडे गेले. पाठ तिच्याकडे करून ग्लास भरू लागले. तेवढ्यात नीलमने वाकून नवी कमांड दिली. ग्लास भरायला त्यांना बराच वेळ लागला. वळले तेव्हा वाहतूक जाड लाइनवर गेली होती.

"आलं," ती म्हणाली.

"मंग? मी काय सांगून राहिलो होतो?" शेषराव म्हणाले. "गयासभाई बी असंच म्हणे. आलं म्हणे अन् ठेवून दे. दिसून नाई राहिला तो. सुट्टीवर हाय का?"

नीलमने ग्लास तोंडाला लावला. निवृत्तीचं त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं.

परतीच्या बसमध्ये तिने राउटरची नोंद उघडली आणि गयासुद्दीनच्या नावाने दिलेल्या कमांड वेगळ्या काढल्या. दोन वर्षं, रोज सकाळी दहा वाजून चार मिनिटांनी, नवी कमांड. शहराच्या सुट्टीचे शनिवार-रविवार सोडले तर खंड नाही, दिवाळीतही नाही. ईदच्या दिवशी तेवढं दहा एकेचाळीस. एकदा कौंडण्यपूरच्या जत्रेतून, मोबाईलवरून, दोनदा चुकून तिसऱ्यांदा बरोबर. शेवटची नोंद शुक्रवारची.

गयासुद्दीनच्या घरी भेटीचं घड्याळ अजून खोक्यातच होतं. त्यांच्या बायकोने, आयशाबींनी, चहा आणि भाजलेले शेंगदाणे आणून ठेवले.

"रिटायर झाले तवापासून दहा वाजले का उठून उभे राह्यतात," त्या म्हणाल्या. "कुठं जायचं ते त्याह्यलेच मालूम नाई."

"तू चुप बैस," गयासुद्दीन म्हणाले. मग नीलमकडे पाहून, "कळलं ना तुले?"

"रोज दहा-चार, चाचा."

"सॉफ्टवेअर बदललं त्या सोमवारी शेषरावचा फोन आला. देल्लं म्हणे. मी पाहतो त जुनीच देल्ली. म्हटलं, आता सांगतो. तो एवढा खुश होता का माह्या तोंडातून 'आलं' निंगून गेलं. मंग मीच दिली गुपचूप. मंगळवारी सांगायचं होतं. पण मंगळवारी सांगतलं असतं त सोमवारी झूट बोललो होतो हे बी सांगा लागलं असतं."

"मग?"

"मंग काय, बेटा. दोन वर्षं झाले, तो मंगळवार काही आला नाई." त्यांनी एक शेंगदाणा सोलला आणि बशीतच ठेवला. "रिटायर होतो म्हणून बी सांगणं नाई झालं. ते सांगतलं त हे सांगा लागते."

"काल साडेअकराला कमांड तुम्हीच दिली ना?"

"काल? काल त मी लॅपटॉपले हात बी नाई लावला."

आयशाबी दारापर्यंत सोडायला आल्या तेव्हा गयासुद्दीनही मागून आले.

"त्याले नको सांगू. चौदा महिने राह्यले त्याचे."

बुधवारी नीलम साडेनऊलाच खुर्चीवर बसली. समोर फॉर्म होता. शेषरावांचं नाव लिहिलं तर खोली बंद. गयासुद्दीनचं लिहिलं तर दोन वर्षांचं सगळं बाहेर येणार आणि मग शेषरावांचंही. रकाना रिकामा सोडायची मुभा नव्हती. खाली तशी सूचना होती.

नऊ एकोणसाठला स्क्रीनवर अकोल्याहून एक कमांड आली. नवी कमांड. सगळे शब्द बरोबर, त्याच क्रमाने. वाहतूक जाड लाइनवर गेली.

दहाला अकोल्याहूनच जुनी कमांड आली. मशीनने ती ऐकून घेतली.

फोन वाजला.

"देल्लं."

नीलमने नोंद मागे सरकवली. या वेळी सगळी नावं उघडी ठेवली. सोमवार, अकरा बत्तीस: नवी कमांड, शेषराव, अकोला.

"काका," ती हळू आवाजात म्हणाली, "नवीन कमांड कधी शिकले तुमी?"

पलीकडे पंख्याचा आवाज येत होता.

"शिकाले काय लागते? सहा शब्द त हायेत. पयल्याच हप्त्यात पाठ झाली."

"अन् दोन वर्षं जुनीच देऊन राहिले?"

"पयल्या दिवशी सवयीनं चुकली. फोन केला, मंग ध्यानात आलं. म्हटलं दुरुस्त करतो, त गयासभाई म्हणे आलं. पायतो त खरंच आलं होतं." शेषराव खोकले. "आता त्यानं एवढं गुपचूप केल्लं, त्याले कसं सांगू का मले दिसलं म्हणून? अन् मी बरोबर देल्ली असती त त्याले दहा वाजता काय काम राह्यलं असतं? फोन तरी कायले उचलला असता?"

"मग सोमवारी?"

"सोमवारी तू हो म्हटलं. मले वाटलं, तो सुट्टीवर गेला अन् तुले सांगून गेला. दीड घंटा वाट पाह्यली."

"अन् काल?"

"काल पाहून राहिलो होतो, तू सांगतं का पाणी मांगतं. गयासभाईले नको सांगू, बाई."

नीलमने पेनचं टोपण काढलं. 'चूक कोणाची' या रकान्यात तिने स्वतःचं नाव लिहिलं. सोमवारी काहीही न विचारता 'हो' तिनेच म्हटलं होतं, त्यामुळे ते खोटंही नव्हतं. पुढे लिहिलं: अकोल्याहून कमांड वेळेवर येते, तिथे माणूस आवश्यक आहे.

"हॅलो? गेली का?" शेषराव विचारत होते.

स्क्रीनवर एक ओळ वर सरकली. दहा वाजून चार मिनिटं. नवी कमांड, गयासुद्दीन, अमरावती, घरून. झालेलंच काम मशीनने पुन्हा एकदा, तक्रार न करता, केलं.

निवृत्त माणसाचं खातं त्याच दिवशी बंद करायचं, असा नियम होता. ते बटण नीलमच्या समोरच होतं. तिने माउसवरून हात काढला आणि फोन दुसऱ्या कानाला लावला.

"आलं, काका," ती म्हणाली.