चाचणी नावाचं गिऱ्हाईक

"अगं, तुझ्या नावाने टोप्या आल्यात," सासूबाई फोनवर म्हणाल्या. "एवढ्या टोप्या कुणाला घालणार आहेस?"

तपासबाईंचा चहाचा कप तोंडापर्यंत जाऊन थांबला. "किती आल्यात?"

"दारात उतरंड लागलीय खोक्यांची. पार्सलवाला म्हणतो, अजून आहेत गाडीत."

"रंग?"

"लालभडक. रुंद काठाची. एक उघडून पाहिली मी."

लाल म्हटल्याबरोबर तपासबाईंना सगळा उलगडा झाला आणि कप खाली ठेवावा लागला.

त्यांची कंपनी ऑनलाइन टोप्या विकायची. गिऱ्हाइकाच्या हातून ज्या चुका होऊ शकतात त्या गिऱ्हाइकाच्या आधी करून पाहायच्या, ही तपासबाईंची नोकरी. चुका करण्याचा पगार मिळतो, हे सासूबाईंना पटायला बरीच वर्षं लागली होती. दुकानाच्या पानावर काहीही बदललं की तपासबाई एक टोपी विकत घ्यायच्या. नेहमी लालच, कारण ती पहिल्याच ओळीत होती आणि कुणीच घेत नसल्यामुळे कधी संपायची नाही. नावाच्या रकान्यात त्या 'चाचणी' असं लिहायच्या. गोदामातल्या दादांना ते नाव दिसलं की ऑर्डर बाजूला. असा हा वर्षानुवर्षांचा शिरस्ता होता. कंपनीचं सर्वांत मोठं गिऱ्हाईक चाचणी, आणि एकही टोपी हाती न पडलेलं गिऱ्हाईकही तेच. पण त्याने कधी तक्रार केली नाही.

मग वॉलेट आलं. लोक हौसेने टोपी निवडत, पण पैसे भरायच्या पानावर कार्डाचा लांबलचक नंबर मागितला की गॅसवर दूध ठेवल्याची आठवण झाल्यासारखे पळत. त्यावर तोडगा म्हणून साहेबांनी तिथे वॉलेटचं बटण बसवायचं ठरवलं. फोनवर बोट टेकवलं की नाव, पत्ता, पैसे, सगळं आपोआप.

"एवढं तपासा," साहेब म्हणाले होते. "यापुढे तपासणी मशीनच करणार आहे. तुमचं बघू मग, कुठेतरी."

या 'कुठेतरी'चा पत्ता कंपनीत कुणालाच ठाऊक नव्हता.

तपासबाईंनी फोनमधल्या आपल्या वॉलेटात कंपनीचं कार्ड घातलं आणि शेवटचं काम म्हणून मन लावून केलं. ओल्या बोटाने बटण दाबलं, जिना चढताना दाबलं, मध्येच नेट बंद करून पाहिलं. दर खेपेला ऑर्डर बिनबोभाट गेली. "चालतंय," असं त्यांनी कळवलं आणि आज सकाळी ते बटण सगळ्यांसाठी खुलं झालं. वॉलेट काही लिहायलाच लावत नाही, याचं कौतुक सगळ्यांनी केलं, बाईंनीही. 'चाचणी' आता लिहायचं कुठे, हे मात्र कुणाच्याच ध्यानात आलं नाही.

त्या धावतच गोदामात गेल्या. "दादा, लाल टोप्या पाठवल्यात तुम्ही?"

"पाठवल्या की!" दादांचा चेहरा फुलला. "नाव वाचलं आणि म्हटलं, घेतली बाबा बाईंनी एकदाची. इतकी वर्षं नुसती बघत होत्या."

"पण एवढ्या?"

"म्हटलं, घरात डोकी जास्त असतील."

साहेबांना सांगणं भाग होतं. त्यांनी डोळे मिटून ऐकलं. "म्हणजे जाता जाता कंपनीलाच टोपी घातलीत. परत मागवा. सगळ्या. आत्ताच्या आत्ता."

तपासबाईंनी त्यांच्यासमोरच घरी फोन लावला आणि स्पीकर सुरू केला. "आई, त्या टोप्या परत द्यायच्यात."

"एक माझ्या डोक्यावर आहे."

"ती काढा ना."

"तेल लावलंय मी सकाळी. आता कोण घेईल ती? आणि बरी दिसते गं मला. या घरात आल्यापासून पहिल्यांदा आरशासमोर दोन मिनिटं उभी राहिले. बाकीची खोकी जशीच्या तशी आहेत, ने बाई. शेजारीण मागत होती एक, पण दिली नाही. म्हटलं, तुझी तू घे विकत."

"मग?"

"घेतली की तिने! इथेच, माझ्या खुर्चीत बसून. आधी एकदा काळी घ्यायला गेली होती, तेव्हा म्हणे नंबर टाकता टाकता चष्माच सापडेना. आज नुसतं बोट टेकवलं. चहावर फुंकर मारायच्या आत झालं. तुझ्याच ऑफिसचं काम ना ते? मी सांगितलं तिला, आमच्या सूनबाईने तपासलंय, बिनधास्त दाब."

साहेबांनी डोळे उघडले. कॉम्प्युटर पुढ्यात ओढला आणि आजच्या ऑर्डरी उघडल्या. लाल टोपी, एक नग. पैसे वॉलेटमधून. नाव चाचणी नव्हे.

"ही टोपी विकली जाते?" त्यांनी अगदी हळू आवाजात विचारलं.

"आजपासून," तपासबाई म्हणाल्या. मग आत कुठेतरी उकळी फुटल्यासारखं त्यांना हसू आलं आणि तोंडातून निघून गेलं, "साहेब, मशीन बटण दाबेल हो. पण दाराची बेल वाजल्यावर उठेल कोण?"

"तुमच्या सासूबाई."

"त्या मशीनबरोबर मिळत नाहीत."

फोन अजून चालूच होता. त्यातून सासूबाईंचा खोकल्यासारखा काहीतरी आवाज आला. तो खोकला नव्हता. साहेब आधी गंभीर राहिले, मग राहता येईना.

दुपारच्या बैठकीत साहेबांनी स्वतःला सुचल्यासारखं जाहीर केलं, की यापुढे आपली प्रत्येक तपासणी थेट गिऱ्हाइकाच्या दारापर्यंत जाईल आणि ते काम बाई पाहतील. 'कुठेतरी'चा विषय निघाला नाही. वॉलेट असलं तरी चाचणीची ऑर्डर ओळखू येईल अशी खूण ठेवायची, हेही ठरलं.

तेलाच्या टोपीचे पैसे तपासबाईंनी भरले आणि बाकीची खोकी परत केली. मग संध्याकाळी घरी, स्वयंपाकघराच्या ओट्याला टेकून, त्यांनी फोन काढला. वॉलेटातलं कंपनीचं कार्ड काढून स्वतःचं घातलं. लाल टोपी. एक. बोट टेकवलं. पडद्यावर धन्यवाद उमटलं आणि त्यापुढे त्यांचं नाव, आडनावासकट. ते त्यांनी दोनदा वाचलं.

टोपी आली त्या दिवशी त्यांना सुट्टी होती. बेल वाजली. आतल्या खोलीतून, डोक्यावर टोपी घेऊनच, सासूबाई उठायला लागल्या.

"तुम्ही बसा आई. माझं आहे."

पार्सलवाल्याने खोकं पुढे केलं. "नाव?"

तपासबाईंनी केस सारखे केले, आणि सांगितलं.